आधी आवाज, मग पाना

माझी ताई लिफ्ट दुरुस्त करते. कामावर तिला सगळे ‘उस्ताद’ म्हणतात आणि कुणी म्हणायचं विसरलं तर ती आठवण करून देते. आवाज असा, की तळमजल्यावर खोकली तर गच्चीवरची कबुतरं उडावीत. घरी आली की बूट दारातच भिरकावते आणि ते नेमके माझ्याच पायात येतात. नाकावर माशी बसू देत नाही. अशा बाईकडून मी माझ्या नायकाचा जीव उसना घेतला, ती ही हकिगत.

मी तिचा धाकटा भाऊ. चित्रकथा लिहितो, काढतोही मीच. माझ्या नायकाचं नाव अपार. डोंगर उचलतो, पेटलेला तारा फुंकर मारून विझवतो, त्याला जखम होत नाही, भूक लागत नाही, जगाच्या दुसऱ्या टोकाला कुणी कुजबुजलं तरी ऐकू येतं. आणि असा हा गडी बंद पडायला आला होता!

“त्याला काही कमी नाही, कशाची भीती नाही,” संपादकबाई म्हणाल्या. “मग तो लोकांच्या मदतीला जातोच कशाला? वाचणाऱ्यांना कळत नाही. मलाही नाही. सोमवारी याचं उत्तर काढून आण. नाही जमलं तर अपारला निरोप देऊ.”

त्या बरोबर बोलत होत्या, म्हणूनच माझं डोकं जास्त फिरलं. अपार म्हणजे माझी आजवरची सगळी कमाई, सगळी हौस! घरी आलो तर ताई जेवत होती.

“ताई, तुला काहीही करता येत असतं तर तू काय केलं असतंस?”

“झोपले असते,” ती म्हणाली आणि वाढून घेतलं.

मी कपाळावर हात मारून घेतला. तेवढ्यात तिचा फोन वाजला. जवळच्याच एका इमारतीत लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली होती, आत एक म्हातारे गृहस्थ. ताईने ताट तसंच सोडलं. “चल शहाण्या, पिशवी धर,” म्हणाली. मी धरली. घरात बसून करणार तरी काय होतो!

तिथे व्यवस्थापकाची नुसती तारांबळ उडाली होती. “वर मशीनच्या खोलीत जा, बाई! लवकर काढा त्यांना!” ताई वर गेली नाही. तिने अंगातलं जाकीट काढलं, घडी करून दारापाशी ठेवलं आणि त्यावर गुडघे टेकले. मग लिफ्टच्या दारावर टकटक केली.

“आत कोण आहे? मी लिफ्टवाली. इथे बाहेरच बसलेय.”

तिने दाराला कान लावला.

“नसेल बोलायचं तर राहू दे. मी बोलते. मला सवय आहे.”

हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. शेवटी आतून बारीक आवाज आला, “दिवा गेलाय.”

“हो, गेलाय. पण वरून हवा येतेय. गालाला लागते का बघा.”

“…लागतेय.”

“छान. एकटेच आहात की सोबत कुणी आहे?”

“मासा आहे. नातीसाठी घेतलाय. पिशवीत.”

“मासा!” ताईचा चेहरा असा खुलला की विचारू नका. “कुठल्या रंगाचा?”

“अहो, माशाचं काय घेऊन बसलात!” व्यवस्थापक कळवळला. ताईने मान न वळवता एक बोट वर केलं. मासा नारिंगी होता, शेपटीला काळा ठिपका होता, आणि हे सांगता सांगता आतल्या आवाजाची थरथर कमी झाली, ती मी माझ्या कानांनी ऐकली.

“आता मी वर जाऊन चाक हाताने फिरवणार,” ताई दाराशी म्हणाली. “लिफ्ट जरा हलेल, घाबरू नका. तोवर माझा भाऊ बोलेल.” मग माझ्याकडे वळून, हळू आवाजात, “तुझा आवाज बंद पडता कामा नये. आणि किती वेळ लागेल ते सांगायचं नाही. वेळ सांगितली की माणूस मोजायला लागतो.”

मी तिच्या जाकिटावर बसलो. काय बोलू? मला अपारशिवाय येतं काय? मग अपारच सांगायला घेतला. डोंगर, तारे, सगळं.

“पण त्याला काय पडलंय?” आतून प्रश्न आला. “आमच्यावाचून त्याचं काय अडतं?”

इथेही तेच! मी उसळलोच. “त्याला ऐकू येतं ना, काका! कुणी अंधारात एकटं घाबरलं की त्याला ऐकू येतं, आणि कान मिटून घ्यायची ताकद तेवढी त्याच्याकडे नाही. डोंगर काय, नंतरही उचलता येतो. आधी कुणीतरी ओ द्यायला नको?”

बोललो आणि माझं मलाच ऐकू आलं. सापडलं! मी ओरडणार होतो, तेवढ्यात लिफ्ट करकरत खाली आली. दार उघडलं. काका पिशवी छातीशी धरून उभे होते आणि मासा मजेत होता. त्यांनी माझा हात धरला तो सोडेचनात.

परतताना ताईला विचारलं, आधी बोलत का बसतेस. “मला काम शिकवणारे उस्ताद एकदा थेट वर गेले. एका बाईंना चुटकीसरशी सोडवलं,” ती म्हणाली. “त्या अजून जिन्यानेच जातात. लिफ्ट सुटली रे, बाई आतच राहिल्या.”

मी झपाटल्यासारखा काढत सुटलो. बोगद्यावर डोंगर कोसळलाय, आत माणसं आहेत. अपार येतो. डोंगर उचलत नाही. खांद्यावरच्या वस्त्राची घडी करतो, त्यावर गुडघे टेकतो आणि दगडावर टकटक करतो.

सोमवारी संपादकबाईंनी पानं ठेवून घेतली. “फोन करते,” एवढंच. चेहऱ्यावरून काही कळेल तर शपथ! घरी येऊन मी खोलीचं दार लावून घेतलं. उद्यापासून अपार नसेल, तर मी तरी कोण होतो?

दारावर टकटक झाली.

“आत कोण आहे? मी ताई. इथे बाहेरच बसलेय.”

मी गुडघ्यांत डोकं घातलं.

“राहू दे. मी बोलते.” आणि बोलायला लागली! काकांचा फोन आला होता म्हणे. नातीने माशाचं नाव ‘उस्ताद’ ठेवलंय. खातो भरपूर, ऐकत कुणाचं नाही. सगळं ठीक होईल, असं मात्र ती एकदाही म्हणाली नाही. मी दाराला पाठ टेकून खाली बसलो. जाड फळीतून तिचा आवाज पाठीला लागत होता.

माझा फोन वाजला. “पुढचा अंक कधी देतोस?” संपादकबाई विचारत होत्या.

मी दार उघडलं. ताई जाकिटाच्या घडीवर बसली होती. मला काही सांगायची गरजच पडली नाही.

“सुटलास?” तिने विचारलं.

“सुटलो.”

“मग हात दे,” ती म्हणाली. “पाय आखडलेत माझे.”