तोंडातली अंडी

मामांच्या बाराव्याला त्यांची मासेमारीची पिशवी उघडली, तर ओहोटीच्या चिखलाचा वास आला. रेवदंड्याच्या खाडीतल्या एका थोराड शिंगाळा माशासाठी मामा नऊ वर्षं गळ टाकत होते. एका संध्याकाळी ते रक्ताळलेल्या बोटांनी, रिकामेच परतले. “पराला गळ अडकून गावला रं, पन तोंडात अंडी व्हती. सोडला.” ओटीवर माणसं जमली होती. शहरात शिकणारा मी म्हणालो, “मामा, निसटला म्हणा की! अंडी तोंडात असतात होय?” सगळे खदखदून हसले. “तुज्या बुकात नसंल तर नसंल,” म्हणत मामा आत गेले, ते पुन्हा खाडीवर गेलेच नाहीत. पुढे मी वाचलं, की शिंगाळ्याचा नर पिल्लं निघेपर्यंत अंडी तोंडातच सांभाळतो. त्यानंतर मामा सहा वर्षं जगले. दर गणपतीला मी त्यांच्या शेजारी जेवायला बसलो, पण चूक माझी होती एवढं म्हणालो नाही.