घरातल्या घरात प्रार्थना

“तुमच्या देशाच्या घटनेतच धर्मस्वातंत्र्य दिलंय. मग भीती कसली?” सरकारी वकिलाने विचारलं.

शिकागोच्या इमिग्रेशन कोर्टात असायलमची सुनावणी चालू होती. असायलम म्हणजे मायदेशी छळ होईल म्हणून इथे मागितलेला आश्रय. माझी क्लायंट साठीची, शिवणकाम करणारी विधवा. तिला एस्तेर म्हणू या. खरं नाव सांगता येत नाही, तिच्या चिमुकल्या देशाचंही नाही. तिचा पंथ तिथे जेमतेम चाळीस घरांचा.

हा प्रश्न येणार, हे मला ठाऊक होतं. आदल्या आठवड्यात माझ्या बॉसनेही फाइल परत केली होती.

“वीक केस आहे. कलम अगदी क्लिअर आहे.”

“पुढचं पोटकलम वाचलंत?” मी विचारलं.

त्यात लिहिलं होतं, ‘सार्वजनिक सुव्यवस्थेच्या अधीन राहून’. या चार शब्दांच्या आधाराने एक कायदा झाला होता. रजिस्टर न झालेल्या पंथाने एकत्र प्रार्थना केली की तुरुंग. रजिस्टर व्हायला हजार सह्या. चाळीस घरांतून त्या आणायच्या कुठून? एस्तेरचा नवरा प्रार्थना चालवायचा. दोनदा आत गेला. दुसऱ्यांदा आजारी होऊन सुटला आणि महिन्याभरात वारला.

मी कायद्याची प्रत आणि अटकेचे कागद जजपुढे ठेवले. सरकारी वकिलाने ते नीट वाचले. मग त्याने एस्तेरला विचारलं, “घरातल्या घरात, हळू आवाजात प्रार्थना केली तर?”

ती बोलू लागली, आणि इंटरप्रिटर तिचे शब्द इंग्लिशमध्ये सांगत गेला.

“नवरा गेला तेव्हा तसंच केलं. दारं-खिडक्या लावून घेतल्या. आमच्यात शेवटचं गाणं सगळ्यांनी मिळून मोठ्याने म्हणायचं असतं, जाणाऱ्याला एकटं वाटू नये म्हणून. मी एकटीच पुटपुटले. त्याला ऐकू गेलं की नाही, कोण जाणे.”

सरकारी वकील “नो फर्दर क्वेश्चन्स” म्हणून खाली बसला.

जजने त्याच दुपारी असायलम मंजूर केलं. अपील करणार नाही, असं सरकारी वकिलाने तिथेच सांगितलं. एस्तेरने माझा हात दोन्ही हातांत धरला.

मी मायदेशाची आणि इथली, अशा दोन देशांच्या घटना शिकले, दोन्हीकडे परीक्षा दिल्या. तरी या केसमधला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न मला सुचला नव्हता, तो समोरच्या वकिलाने विचारला. हल्ली पहिल्या भेटीत मी कलमं बाजूला ठेवते आणि विचारते, “तुमच्यात कुणी वारलं, तर घरात काय करता?”