पडल्यास वजा दहा

फुगडीला गुण देतात म्हटलं की झुंबरबाईच्या डोक्यात तिडीक जायची.

नांदगावाकडच्या एकाच गल्लीत वाढलेल्या ती आणि सरुबाई लग्नानंतर नाशकात, सिडकोतही शेजारणीच झाल्या. दोघींची एक फुगडी होती, त्यांनीच काढलेली. ऐन वेगात हात सोडायचे, स्वतःभोवती एक गिरकी घ्यायची आणि पुन्हा एकमेकींचे हात पकडायचे. कधी पकडले जायचे, कधी दोघी धपकन आपटायच्या. चौऱ्याण्णव साली तिथल्या महिला मंडळाच्या श्रावणातल्या स्पर्धेत अशाच आपटल्या, हसत उठल्या, पुन्हा फिरल्या आणि परीक्षक बाईंनी उभं राहून त्यांना पहिला नंबर दिला.

मग छापील तक्ते आले. एकसारख्या साड्यांना वीस गुण, एकसारख्या हालचालींना तीस, पडल्यास वजा दहा. यादीबाहेरच्या प्रकाराला शून्य! दोन-तीन वर्षांत सगळे गट एका साच्यातले झाले. त्याच हिरव्या साड्या, तेच दहा प्रकार, आणि खेळताना बायकांचं अर्धं लक्ष परीक्षकांच्या पेनाकडे. झुंबरबाईला ते बघवत नसे.

"शी! ही काय फुगडी हाय? नुसती कवायत हाय," असं ती पहिल्या रांगेत बसून मोठ्यानं म्हणायची आणि तिची सून मोहिनी शरमेनं लाल व्हायची.

मोहिनीचा गट तीन वर्षं दुसऱ्या नंबरावरच राहत होता. २००४ साली त्यातल्या दोघी ऐनवेळी आजारी पडल्या, म्हणून झुंबरबाई आणि सरुबाईला घ्यावं लागलं. स्टेजमागे मोहिनीनं सासूला बाजूला ओढलं.

"आई, पाया पडते तुमच्या. यंदा तेवढे हात सोडू नका."

सुनेचे डोळे भरलेले बघून झुंबरबाई हो म्हणाली. सरुबाईला हे सांगायला मात्र तिची जीभ रेटेना, आणि तेवढ्यात गटाचं नाव पुकारलं.

फुगडी रंगात आली. वेग चढला. नेहमीच्या जागी सरुबाईनं डोळे मिचकावले आणि बोटं उघडली. झुंबरबाईनं तिचे पंजे करकचून आवळले. सोडलेच नाहीत.

पहिला नंबर आला. "एकही चूक नाही," परीक्षकांनी माईकवरून सांगितलं. मोहिनी आनंदानं रडत होती. झुंबरबाईला स्वतःच्या हातांची किळस आली होती, ते ती पदराला पुसत राहिली.

शेजारी सरुबाई लाल झालेली बोटं चोळत होती.

"मी सोडलं व्हतं गं," ती हळूच म्हणाली. "तुला कळलं नाय?"

झुंबरबाईला कळलं होतं.

"नाय," ती म्हणाली.