भाकर थापणारी ती बाई

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. दोनदा-तीनदा ओठांवर आलं होतं, आणि दर वेळी मी दुसरंच काहीतरी बोलून गेले. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित तुम्हाला सांगता येईल. की तसंही नाही? बघू.

देऊळगाव राजात मला 'आफ्रिकेत राहून आलेली' म्हणून ओळखतात. मलावीतल्या एका छोट्या गावात मी दोन वर्षं स्वयंसेवक म्हणून शाळेत शिकवत होते. पगार नव्हता, महिन्याला भत्ता मिळायचा — तोही इतका, की वीस तारखेनंतर दुकानापुढून जाताना मान खाली घालावी लागे. तिथं तेलसुद्धा प्लास्टिकच्या इवल्याशा पुड्यांतून विकत. टमाटे वाट्यावर. कोळसा डब्यावर. एकटीनं राहायचं म्हटलं तर जमण्यासारखं नव्हतंच.

माझ्याबरोबर प्रज्ञा होती. जानेफळची. तिथल्या दवाखान्यात नर्स म्हणून आलेली, माझ्यासारखीच भत्त्यावर. एवढ्या लांब, आणि आपल्याच जिल्ह्यातली पोरगी! पहिल्याच दिवशी तिनं मला विचारलं होतं, "तुले तिखट चालते ना?" आणि आमची एक शेगडी झाली. कोळसा एक, तेलाची पुडी एक, मक्याच्या पिठाचं पोतं एक. बाजारात भाव तीच करायची. मला लाज वाटे. सायकल टॅक्सीचे पैसे वाचवायला आम्ही दोघी पायी यायचो, आणि वाटेत ती जानेफळच्या बाजाराच्या गोष्टी सांगायची. मक्याच्या पिठाची भाकर थापायला तिनंच मला शिकवलं. मला घरी कधी थापावी लागलीच नव्हती.

आता खरं सांगते. प्रज्ञा बौद्ध. आमचं घर शेतीवाडीचं, मोठं. आमच्या शेतात तिच्या समाजातल्या बाया निंदायला यायच्या, पण त्यांच्या हातचं पाणी आमच्या घरात चालत नव्हतं. ते कुणी बोलून दाखवत नसे — बोलायची गरजच नव्हती. मी मात्र स्वतःला वेगळी समजत होते. शिकलेली, बाहेर पडलेली. आणि तरी — सहा महिने झाले, माझ्याबरोबर कोण राहतं हे मी घरी सांगितलं नव्हतं. का नव्हतं सांगितलं? नाव सांगितलं की आईचा पुढचा प्रश्न आडनावाचा असणार, हे मला माहीत होतं.

एका रविवारी सकाळी आईचा फोन आला. एरवी नुसतं बोलणं असायचं. त्या दिवशी चुलतभावानं तिला व्हिडिओ लावून दिला होता. शेजारी मावशी बसलेली. मी हसून बोलत होते, आणि माझ्या मागं शेगडीपाशी प्रज्ञा भाकर थापत होती. तव्यावर एक, हातात एक.

"मागं कोण गं ती?" आईनं विचारलं. "आपल्याकडचीच दिसती."

मी फोन वळवू शकले असते. 'मैत्रीण आहे' एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. तेवढंही मला जमलं नाही.

"कामाला ठेवलीय," मी म्हणाले. "इथलीच इंडियन आहे."

"एवढ्याशा पैशात बाई परवडती?"

"इथं स्वस्तात मिळतात."

मावशी हसली. मीही हसले. मागं भाकरीचा आवाज थांबला होता — तो थांबल्यावरच मला कळलं की इतका वेळ तो चालू होता.

फोन ठेवल्यावर मी वळले तेव्हा तिनं भाकर पुन्हा थापायला घेतली होती. ती पूर्ण केली. भाजली. माझ्या ताटात ठेवली. मग हात धुऊन म्हणाली, "पीठ अर्धं अर्धं करून घेऊ. शेगडी तू ठेव, मले दुसरी भेटते."

ती ओरडली असती तर? मी रडले असते, माफी मागितली असती, कदाचित सगळं निभावलं असतं. ती ओरडली नाही. आणि मी काय केलं? पातेलं घेऊन आले आणि खरंच पीठ मोजून अर्धं केलं.

त्यानंतर दोघींचेही हाल झाले. अर्धा डबा कोळसा कुणी देत नाही. माझं पंधरा तारखेलाच संपू लागलं. ती दुपारी दवाखान्यातल्या झाडणाऱ्या बायांबरोबर जेवू लागली. त्या आपल्यातलं तिला काढून देत. एका घरात आम्ही दोन चुली मांडून बसलो होतो, आणि भिंतीपलीकडे तिचं खोकणं मला ऐकू यायचं.

इथंच थांबले असते तरी बरं झालं असतं. थांबले नाही.

वर्ष संपत आलं. आणखी एक वर्ष राहायचं मलाही होतं, प्रज्ञालाही. तिथल्या बाळंतिणींच्या कामात प्रज्ञाचा जीव रमला होता. आम्हाला पाठवणाऱ्या संस्थेचा तिथला समन्वयक त्यासाठी चौकशीला आला. आम्हा दोघींना समोर बसवून त्यानं विचारलं, दोघींनी चूल वेगळी का केली? भत्ता तर एकत्र राहाल असं धरूनच दिलेला आहे.

प्रज्ञानं माझ्याकडं पाहिलं. ती मला बोलायची संधी देत होती — हे मला तेव्हाही कळत होतं. कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही.

मी म्हणाले, "खर्चाचं जमत नव्हतं. हिचा हात सढळ आहे."

जी बाई टमाट्याच्या एका वाट्यासाठी अर्धा बाजार फिरायची, तिच्याबद्दल मी हे बोलले. त्यानं तिला विचारलं, खरं आहे का? ती म्हणाली, मला आता घरी जायचं आहे. त्यानं शेऱ्यात लिहिलं की ही इतरांबरोबर जुळवून घेत नाही. मला मुदतवाढ मिळाली.

जाताना तिनं तिचं उरलेलं पीठ माझ्या दाराशी ठेवलं. मी ते खाल्लं. महिनाअखेर होती.

मागच्या वर्षी इथल्या एका कॉलेजात माझं व्याख्यान होतं — परदेशात थोडक्या भत्त्यात कसं राहावं. मी पोरींना कोळशाचं सांगितलं, तेलाच्या पुड्यांचं, पायी चालण्याचं. एका मुलीनं उठून विचारलं, "मॅडम, तुम्ही कोणाबरोबर राहायच्या?"

"एकटीच," मी म्हणाले.

पोरींनी टाळ्या वाजवल्या. आई पहिल्या रांगेत बसली होती. तिला अजून काही माहीत नाही. प्रज्ञा मेहकरला एका दवाखान्यात आहे असं ऐकते. तिचा नंबर माझ्याकडं आहे. मी तो लावलेला नाही.