वर्षालीबुवाची बारी

आचऱ्याच्या वर्षाली कुबलला सगळा गाव ‘बुवा’ म्हणायचा. वय वर्षं वीस, केसांची लांब वेणी, आणि तरीही बुवा. कारण ती भजन करायची, तेही डबलबारीचं. समोरासमोर दोन बुवा बसतात, आपापली पेटी, आपापला पखवाज, आपापले कोरसवाले. एकाने गाण्यातून चिमटा काढायचा आणि दुसऱ्याने गाण्यातूनच तो परतवायचा. गावातल्या जुन्याजाणत्या बाबलीबुवांच्या मांडीजवळ बसून ती हे शिकली होती, आणि बारावीपासून तर गजरांना स्वतःच्या चाली लावू लागली होती.

मग तिला सावंतवाडीला फार्मसीला प्रवेश मिळाला. पहिलं वर्ष कसंबसं निभावलं. दुसऱ्या वर्षी प्रॅक्टिकल, जर्नलं आणि परीक्षा एकदमच अंगावर आल्या. शनिवारी एसटीने आचरा गाठायचं, तालीम करायची, रविवारी परत, आणि सोमवारी वर्गात डोळे मिटायचे. शेवटी व्हायचं तेच झालं. ऑरगॅनिक केमिस्ट्रीत वर्षाली चक्क नापास झाली.

त्याच आठवड्यात, दीड महिन्यानंतर आचऱ्यात होणाऱ्या एका मोठ्या पूजेच्या बारीसाठी तिचं नाव ठरलं होतं. समोर दर्यापासून लांबच्या नांदगावचे गुरुप्रसादबुवा, म्हणजे मुरलेला गडी. वर्षालीने घरी जाऊन, तालमीला आलेल्या बाबलीबुवांसमोर मान खाली घातली.

“बुवा, माका जमाचा नाय. मी बारी सोडतंय.”

बाबलीबुवांनी पेटीचा भाता बंद केला. “चेडवा, गळो देवान दिलो, पण अभ्यास तुकाच करूक होयो. तो सोडू नको. पण बारी सोडूची घाई कित्याक?”

“तालमीक येवक वेळच नाय!”

तिची आई सुगंधा दारात मासे साफ करत बसली होती. रोज दुपारी ती मासळीच्या टेम्पोतून बांद्याला विकायला जायची. हातातला बांगडा तसाच धरून ती म्हणाली, “आमचो टेम्पो सावंतवाडयेवरनाच जाता मा? तुमी सगळे त्यात बसा. चेडवाक हय कित्या आणतास, तालीमच थय न्हेया!”

बाबलीबुवा मांडीवर थाप मारून हसायला लागले.

असं ते सुरू झालं. आठवड्यातून दोनदा टेम्पो हॉस्टेलजवळच्या देवळापाशी थांबायचा. मागच्या फळीवरून बाबलीबुवा आणि तीन-चार कोरसवाले उतरायचे. पखवाज वाजवणारा सुशांत मात्र ड्रायव्हरशेजारी बसून यायचा. बर्फाच्या गारव्याने कातड्याचा सूर उतरू नये म्हणून पखवाज त्याने घोंगडीत गुंडाळून मांडीवर घेतलेला असायचा, एखादं तान्हं बाळ घ्यावं तसा. सुगंधा तशीच पुढे बांद्याला जायची आणि बाजार उठला की परतताना सगळ्यांना उचलायची.

पण वर्षालीच्या खोलीतली मैत्रीण तन्वी भलतीच खमकी होती. ती मूळची बांद्याची, काजूच्या बागायतदाराची मुलगी. ती खोलीच्या दारात आडवा हात लावून उभी राहायची.

“काल वाचलेली रिअ‍ॅक्शन लिहून दाखव, मग जा.”

“तन्वी, ते खाली वाट बघतायत गं.”

“बघू देत. चुकलीस तर अजून बघतील.”

खालून सुशांतची हाक यायची, “ओ मास्तरणी, सोडा आता तिका!” आणि अख्खं हॉस्टेल खिडक्यांत जमायचं. वर्षाली घाईघाईने लिहायची, चुकायची, पुन्हा लिहायची. हळूहळू चुका कमी झाल्या. तालमीचा वेळ वाया जाऊ नये म्हणून ती पहाटेच पुस्तक उघडू लागली. आणि तन्वीही, पहारा करता करता, देवळात येऊन बसू लागली. तिच्या मागून आणखी पाच-सहा मुली आल्या. कुणी टाळ हातात घेतले, कुणी कोरसात सूर मिळवला. महिन्याभरात त्यांना सगळे गजर तोंडपाठ झाले.

बारी रविवारी दुपारी होती. सोमवारी तोंडी परीक्षा. पण तयारी झालेली होती, म्हणून तन्वीनेच परवानगी दिली. वर मुलींना घेऊन ती स्वतःही आचऱ्याला आली.

मंडप भरला होता. गुरुप्रसादबुवा पेटी लावून तयार होते. आणि वर्षालीच्या बाजूला? बाबलीबुवा, सुशांत, आणि मागे रिकामी सतरंजी.

“कोरस खंय आसा?” तिने घाबरून विचारलं.

“दर्यात,” बाबलीबुवा म्हणाले. “सकाळीच बांगडो लागलो. होडये अजून भरतहत. देवान दिल्ला टाकून कोण येतलो?”

वर्षालीने मंडपात नजर फिरवली, आणि ती समोर बसलेल्या मुलींवर थांबली.

“मी? नाही हं,” तन्वी म्हणाली. “आम्ही ऐकायला आलोय.”

“रिअ‍ॅक्शन नाही विचारत तुला. ऊठ!”

मुली उठल्या, ओढण्या खोचून सतरंजीवर बसल्या. पहिल्या अभंगात त्यांचा आवाज थरथरत होता. गजराला सुशांतच्या पखवाजाने लय चढवली आणि तो आवाज असा काही सुटला की मागच्या बायका उभ्या राहिल्या.

मग गुरुप्रसादबुवांनी मिशीतल्या मिशीत हसत चिमटा काढला:

“एक पाय होडयेत, एक पाय धक्क्यार,
होडी सुटली तर पडतलंस तोंडार!”

मंडपात हशा उसळला. वर्षालीने पेटीवर बोटं ठेवली. अभ्यास आणि भजन दोन्ही धरल्याबद्दल हेच तिने स्वतःला कितीदा सुनावलं होतं. आता मात्र तिला हसूच आलं, आणि हसत हसतच तिने सूर लावला:

“पडलंय तर पवान येयन, माका भय नाय,
बुवा, तुमका नांदगावात पवाक येता काय?”

मुलींनी ती पोहण्याची ओळ उचलली, पुन्हा उचलली, लोकांनी टाळ्यांचा ठेका धरला. गुरुप्रसादबुवांनी पेटीवरचे हात काढून सरळ जोडले. “नाय गो बाय, नाय येणा!”

कोण जिंकलं ते कुणी विचारलंच नाही. दिवेलागणीला होड्या आल्या. वर्षालीच्या घरी मुलींना बांगड्याचं तिखलं वाढताना सुगंधाचा हात थांबत नव्हता.

सोमवारी बांगडा भरून टेम्पो सकाळीच निघाला आणि त्यातूनच त्या कॉलेजात पोचल्या. तोंडी परीक्षेला सरांनी वर्षालीला प्रश्न विचारला आणि तिने उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण कालच्या गजरांनी बसलेला आवाजच फुटेना. तन्वीचीही तीच गत. तिसरीचीही तीच. सरांनी चष्मा काढला.

“सगळ्यांचा घसा एकदमच? बरं, यावर काय उपाय द्याल ते सांगा.”

“कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, सर,” वर्षाली कुजबुजली. “आणि दोन दिवस अजिबात बोलायचं नाही.”

“जमेल?”

“दोन दिवस जमेल, सर. गुरुवारी तालीम आहे.”

सर मोठ्याने हसले आणि पुढचे प्रश्न त्यांनी तिला कागदावर लिहून उत्तरं द्यायला सांगितली. ती पास झाली, ऑरगॅनिकमध्येसुद्धा, अगदी बऱ्यापैकी गुणांनी. आता ती शेवटच्या वर्षाला आहे, आणि तन्वी पेटी शिकते आहे.