तुळशीजवळची तार

माझे वडील संस्थानाच्या वीजखात्यात होते. कुणाच्या घरी वीज द्यायची आणि कुणाच्या नाही, हे ते वायरिंग पाहून ठरवत. टोपी बाजारातला एक कापडवाला आमच्या ओसरीवर येऊन हात जोडायचा, तर बाबा म्हणायचे, "सेठजी, अर्थिंग नहीं तो बिजली नहीं. नियम सबके लिए एक है." सबके लिए म्हणे. ते शब्द आठवले की अजून माझं डोकं फिरतं.

नियम आम्हा मुलांनाही पाठ होता. धातूच्या प्रत्येक बटणापासून एक तार जमिनीत गेली पाहिजे, आणि जिथे ती पुरायची ती जागा ओली पाहिजे. बटणात वीज उतरलीच तर ती माणसाच्या अंगातून न जाता तारेने मातीत जाते. दौलतगंजातल्या आमच्या घरी वीज आली तेव्हा देवघरातल्या पितळी बटणाची तार बाबांनी मोरीजवळ खड्डा करून, कोळसा-मीठ घालून पुरली. तिथली माती कधी वाळत नसे.

मोठे काका ते बघून भडकले. "देवघरातून निघाली ती थेट मोरीत? देवांना मोरीला बांधलंस की रे."

"मग तुळशीपाशी पुरतो, दादा. तिथंही रोज पाणी पडतं."

"कोळसा आणि मीठ तुळशीच्या मुळाशी? वाळवायची आहे का तिला?"

झालं. अख्ख्या लश्कर शहराला नियम शिकवणारा माणूस थोरल्या भावापुढे मुकाट्याने पक्कड घेऊन बसला आणि तार काढून मोकळा झाला. आईने विचारलं तेव्हा म्हणाले, "काही होत नाही गं. तू फक्त कोरड्या हाताने बटण दाबत जा."

पूजेची तयारी ओलेत्याने करायची, हा काकांचाच दंडक. डोक्यावरून पाणी घ्यायचं आणि त्याच ओल्या लुगड्यात, अनवाणी, देवघरात जायचं. "ओलेत्यात कोरडा हात कुठून आणू?" आई म्हणाली. बाबांनी वर्तमानपत्र उघडलं.

श्रावणातली सकाळ होती, आभाळ भरून आलेलं. देवघरात दिसत नव्हतं म्हणून आईने बटणाला हात लावला. मी दारातच फुलं निवडत बसले होते. तिने हाक मारली नाही की काही नाही. हात बटणालाच चिकटला. बाबांनी धावत जाऊन मेन बंद केला, तोवर ती गेली होती.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला काका सांगायचे, "भाग्यवान. सवाष्ण गेली, देवाच्या दारात गेली." बाबा शेजारी बसून मान डोलवायचे. काकांच्या जिभेपेक्षा मला त्या मानेचा राग जास्त आहे.

तेरावा झाला आणि काका स्वतःच म्हणाले, "ती तार घाल बाबा तुळशीपाशी. आता पूजा मला करायची आहे."

बाबांनी खड्डा केला, कोळसा घातला, मीठ घातलं. माती ओली ठेवायचं काम माझ्याकडे आलं. मी रोज तांब्या ओतायचे आणि पानं निरखायचे. तुळस वाळावी असं मला मनापासून वाटायचं. निदान आई कशासाठी तरी गेली, असं म्हणता आलं असतं.

मेली वाळली नाही. उलट डवरली.