ट्रेलरमधली खाट

बालाघाटच्या बस स्टँडमागचा तो मिस्त्री आधी 'हौ' म्हणायचा आणि मग नकार द्यायचा. लांजीकडच्या खेड्यांत दवाखाना न्यायला मला जुनी जीप घ्यायची होती. मागे ट्रेलर, त्यात औषधांच्या पेट्या आणि रोग्यासाठी खाट. मी एक चकचकीत हिरवी जीप पसंत केली आणि त्याला दाखवायला नेलं. त्यानं इंजिनाला बराच वेळ कान लावला.

"हौ, डॉक्टरसाब. पण हे घेऊ नोका. ट्रेलर ओढताना चढावर दम सोडन."

त्यानं निवडलेल्या जीपचा रंग उडाला होता. तिला ट्रेलर जोडून आम्ही लांजीला निघालो, तर तो माझ्या शेजारी बसेना. सरळ मागच्या खाटेवर आडवा झाला.

"तिथं काहून?" मी त्याच्याच बोलीत विचारलं.

"पुढं बसून मागचं समजत नाई."

लांजीपर्यंतचा सगळा कच्चा रस्ता त्यानं पाठीवर झेलला. उतरला तेव्हा धुळीनं माखला होता आणि त्याची कंबर सरळ होत नव्हती. मी हात द्यायला गेलो, तोवर तो ट्रेलरखाली शिरलाही होता.

"स्प्रिंगच्या कमानी लय कडक हायेत, त्यातली एक पट्टी काढा लागते," खालून आवाज आला. "एखांदी बाळंतीण असन, तर तिले लागन ना."